शेवटचं नाणं म्हणजे ठेवा पुरल्याची तारीख नव्हे

दक्षिण भारतात दिनारियस या रोमन चांदीच्या नाण्यांचं मडकं निघालं की तेच वाक्य पुन्हा छापून येतं: ‘नाणी रोमन सम्राट टायबेरियसची, म्हणजे ठेवा इ.स. 14 ते 37 मधला.’ हे साफ चूक आहे. ते साल नाणं पाडल्याचं. पुरल्याचं साल वेगळं, आणि दोन्हींत पन्नास वर्षांचं अंतर सहज पडतं.

पाडल्याचं साल काढणं सोपं. मागच्या बाजूला दोन तरुण आणि त्यांच्या मध्ये ढाली-भाले असतील, तर ते पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचे नातू गायस आणि लुशियस, नाणं इ.स.पू. 2 किंवा त्यानंतरचं. बसलेली स्त्री, हातात राजदंड आणि डहाळी, कडेनं ‘पाँटिफ मॅक्सिम’ अशी अक्षरं असली की बहुधा टायबेरियस. बाकी नाण्यांच्या छापील सूचीत सापडतं.

पुरल्याचं साल कुठल्याच नाण्यावर नसतं. सर्वांत नवं नाणं एवढंच सांगतं, की ठेवा त्याच्याआधी पुरलेला नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 मध्ये 501 सोन्याची नाणी निघाली. त्यांत टायबेरियसची भरपूर, पण शेवटची नंतरचा सम्राट व्हेस्पासियन याची, म्हणजे इ.स. 69 नंतरची. मूठभर नाणी पाहून निकाल दिला असता तर किमान 32 वर्षांची चूक झाली असती.

चांदीत तर आणखी मोठी खोच आहे. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोनं दिनारियस हलका केला: एका रोमन पौंडात आधी 84 पाडत, मग 96 पाडू लागले. वजन साधारण 3.9 ग्रॅमवरून 3.4 वर आलं, कसही उतरला. चांदी तोलून घेणारा व्यापारी मग जुनीच नाणी मागणार. त्यामुळे इ.स. 75 मध्ये निघालेल्या जहाजातही टायबेरियसचीच थैली असू शकते. नवी नाणी नाहीत म्हणून ‘रोमशी व्यापार संपला’ असं लिहिणाऱ्यांनी मुझिरिस पपायरस, म्हणजे केरळच्या मुझिरिस बंदरातून आलेल्या मालाचा पपायरसवरचा कागद, आठवावा: दुसऱ्या शतकाच्या मध्याला हर्मापोलॉन या एकाच जहाजावरच्या मालाची किंमत सुमारे 70 लाख सेस्टर्स (एका दिनारियसचे चार सेस्टर्स).

झिजेवरूनही घाईनं साल काढू नये. नाणं हातोहात फिरलं तर झिजतं. पेटीत चाळीस वर्षं पडून राहिलं तरी नाक-कान कोरीवच राहतात. झीज वापर सांगते, वर्षं नाही.

म्हणून खरा पुरावा नाण्यांइतकाच मडक्यात आणि मातीत असतो. इंग्लंडमध्ये फ्रोमला 2010 मध्ये 52,503 नाण्यांचा रांजण थराथरानं रिकामा केला. सर्वांत नवी, म्हणजे ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या करॉसियसची, बहुतेक नाणी वर नव्हे, तर बरीच खोल सापडली. त्यांच्यावर जुनी नाणी ओतलेली. वर्षानुवर्षं थोडी थोडी भर पडत गेली असती तर नवी नाणी वर आली असती; म्हणजे सगळा ठेवा बहुधा एकाच वेळी पुरलेला. रांजण एकदम उपडा केला असता तर हे कधीच कळलं नसतं.

तेव्हा मडकं जागेवरच राहू द्या. खापर, झाकण, आजूबाजूची माती, सोबतची सातवाहन नाणी, सगळ्यांचे फोटो काढा. चिंच किंवा पितांबरीनं घासणं तर अजिबात नको: अक्षरं जातात, वजनही घटतं, आणि 3.9 की 3.4 हेच कळेनासं होतं. 1878 च्या कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्या पत्रात किती खोलीवर आणि कशाखाली सापडला, हे जरूर लिहा.