तांब्याच्या नळीत फिरणारे पाणी

ठाण्याच्या नौपाड्यातील एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात भंगारात निघालेल्या, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची नळी (हीट पाइप) मी करवतीने कापून घेतली, तेव्हा ती भरीव तांब्याची कांडी असावी ही माझी समजूत मोडली. आतून ती पोकळ होती, भिंतींना तांब्याच्या भुकटीचा खरखरीत, सच्छिद्र थर होता आणि पाणी म्हणावे तर बोटाला जेमतेम ओल लागली. प्रोसेसरची उष्णता ही ओलच वाहून नेते.

नळी बंद करण्यापूर्वी तिच्यातील हवा काढून टाकलेली असते. आत उरते ते फक्त पाणी आणि त्याची वाफ, त्यामुळे 100 अंश सेल्सिअसची वाट न पाहता 40 अंशांलाही पाण्याची भराभर वाफ होते. त्या तापमानाला आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतका असतो. प्रोसेसरला टेकलेल्या टोकाशी तयार झालेली वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि सोबत आणलेला अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ होताना शोषलेली उष्णता, ती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना देऊन टाकते. एका ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 जूल उष्णता लागते. म्हणजे 60 वॅट उष्णता हलवायला सेकंदाला 25 मिलिग्रॅम, जवळपास अर्धा थेंब पाणी पुरते!

मला अधिक मोल वाटते ते परतीच्या वाटेचे. समईची वात ज्या केशाकर्षणाने तेल ओढते, त्यानेच भुकटीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी गरम टोकाकडे परत येते; त्याला ना पंप लागतो, ना वीज. म्हणून नळी आडवी असली तरी चालते. उष्णता या वातीच्या आवाक्याबाहेर गेली, की मात्र गरम टोक कोरडे पडते आणि तापमान झपाट्याने चढते.

जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लर यांना अशा रचनेचे पेटंट 1944 मध्येच मिळाले होते. 1963 मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे घडवली, तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयाने होती.

मे महिन्यात ठाण्यात अंगावरचा घाम वाळत नाही, कारण हवा आधीच बाष्पाने जड झालेली असते. बंद नळीला त्या दमटपणाची बाधा नाही. तिला अडवते ते हवेचे तापमान. खोली 35 अंशांवर असेल, तर चालू प्रोसेसर त्याखाली येऊच शकत नाही, आणि पत्र्यांच्या फटी घोडबंदर रस्त्यावरच्या धुळीने बुजल्या असतील, तर उत्तम नळीतही वाफेला आपली उष्णता सोडायला जागा उरत नाही. म्हणूनच त्या दुकानात तापणारा संगणक आला, की सर्वांत आधी ब्रश हातात घेतात.