सरत्या हंगामातील स्कीइंग

हिवाळ्याचा मुख्य हंगाम उलटून बहुतेक लोक डोंगरावरून परतल्यानंतर, मागे राहिलेल्या जुन्या हिमावर केले जाणारे स्कीइंग. वसंतकालीन स्कीइंग या नावानेही ते ओळखले जाते. उत्तर गोलार्धात त्याचा काळ स्थूलमानाने मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत धरतात. हिमनद्यांच्या प्रदेशात तो जून-जुलैपर्यंत लांबतो. हंगाम ‘संपला’ असे म्हणतात तेव्हा हिम संपलेले असतेच असे नाही. आल्प्समध्ये २,५०० मीटरच्या वर हिमाची जाडी बहुधा एप्रिलमध्येच सर्वाधिक असते. गिऱ्हाईक घटते म्हणून लोकांना वर नेणारे तारेवरचे पाळणे आणि रोपवे बंद होतात, आणि त्यावरून हंगामाची अखेर ठरते.

हिमाची घडण : या प्रकाराचे सारे मर्म हिमाच्या कणांत आहे. ताजे हिम हलके, टोकदार स्फटिकांचे असते. वसंतात दिवसा ते वितळते, रात्री गोठते, आणि हे चक्र काही दिवस सलग चालले की मूळ स्फटिकांचा मागमूस राहत नाही. त्यांच्या जागी गोलसर कणांचे घोस तयार होतात. असे हिम सकाळी मुठीत घेतले तर एकमेकांना चिकटलेला खडखडीत खडा हाती येतो. तोच दोन तासांनी भिजवून निथळलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. स्कीखाली हाच थर हवा असतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ, खाली टणक बैठक, त्यामुळे वळण घेताना स्कीची कड धरते पण अडकत नाही.

घोस का बनतात याविषयी जुन्या आणि नव्या मांडणीत फरक आहे. हिमाचे अभ्यासक जेराल्ड सेलिगमन यांच्या १९३६च्या ग्रंथापासून हिमाच्या रूपांतराचा अभ्यास स्कीच्या उतारांशी जोडला गेला. त्या पिढीचे लिखाण मुख्यतः डोळ्यांना व भिंगाला दिसेल त्यावर उभे आहे. वितळणे-गोठणे एवढे कारण त्यांना पुरेसे वाटे. हिमतज्ज्ञ सॅम्युएल कोलबेक यांच्या १९७०नंतरच्या संशोधनाने द्रव पाण्याला मध्यवर्ती स्थान दिले. हिमात पाणी थोडे असेल तर ते कणांच्या सांध्यांत केशाकर्षणाने अडकते आणि कण एकमेकांकडे ओढले जाऊन घोस होतात. पाणी वाढून पोकळ्या भरल्या की सांधे सुटतात. लहान कणांचा वितलनबिंदू मोठ्या कणांपेक्षा किंचित खाली असल्याने लहान विरघळतात, मोठे वाढतात, आणि उरतो तो निव्वळ चिखल. प्रत्यक्ष उतारावरचा अनुभव या दुसऱ्या मांडणीने अधिक नीट उलगडतो. तिरक्या उतारावर पाणी निथळून जाते आणि हिम दाणेदार राहते, तर त्याच उंचीवरच्या सपाट पठारावर दुपारी गुडघाभर लगदा होतो, हे नुसत्या वितळणे-गोठणे या सूत्रातून निघत नाही. हंगामी हिमाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२००९) घनफळाच्या ३ टक्क्यांपर्यंत द्रव पाणी असलेले हिम ‘दमट’, ३ ते ८ टक्के ‘ओले’, ८ ते १५ टक्के ‘फार ओले’ आणि त्यापुढचे पाण्याने भरलेले समजतात. स्कीइंगचा आनंद पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतो.

रात्रीच्या गोठण्याबाबत एक समज अजून टिकून आहे, की हवा शून्याखाली गेल्याशिवाय हिम गोठत नाही. हिमाचा पृष्ठभाग अवरक्त प्रारणाने आकाशाकडे सतत उष्णता टाकत असतो. रात्र निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवेचे तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही पृष्ठभाग गोठतो. उलट ढगाळ रात्री हवा शून्याच्या आसपास असूनही कवच धरत नाही, कारण ढग तेवढीच उष्णता खाली परत पाठवतात. म्हणून सरत्या हंगामातले जाणकार उद्याच्या थंडीपेक्षा आज रात्रीच्या आकाशाची चौकशी आधी करतात. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल सुप्त उष्णता लागते. रात्रभर नीट गोठलेले कवच सकाळचे काही तास उन्हाला तोंड देते ते याच जोरावर.

दिवसाचा क्रम यावरूनच लागतो. पूर्वेकडचा उतार सर्वांत आधी मऊ होतो, मग दक्षिणेकडचा, दुपारकडे पश्चिमेचा. उत्तरेकडच्या उतारावर दाणेदार हिम तयार व्हायलाच कित्येक आठवडे उशीर लागतो. फार लवकर गेले तर स्की काचेवर घसरावी तशी खडखडत जाते, उशीर केला तर रुतते. मधला योग्य वेळ एखाद्या उताराला तासभर मिळतो, कधी त्याहूनही कमी. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला की उतार सोडायचा, हा नियम सुखापेक्षा जिवाशी निगडित आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर पाणी खालच्या थरात झिरपून ओल्या हिमाचे स्खलन होते. ते कोरड्या स्खलनापेक्षा संथ असते, पण वजनाने फार जड, आणि थांबल्यावर दगडासारखे घट्ट बसते. पहाटे चढून दुपारच्या आत खाली उतरण्याचा रिवाज यातूनच पडला.

उगम : सरत्या हंगामाची मुद्दाम निवड प्रथम कोणी केली, यावर एकमत नाही. एक पक्ष आरंभ फार मागे नेतो. स्कँडिनेव्हियात शिकारी वसंतातल्या कवच धरलेल्या हिमावर स्कीने सांबरवर्गातील मोठ्या एल्क हरणाचा पाठलाग करीत. कवच माणसाला पेलते, जड जनावर मात्र त्यातून खचते. ही प्रथा जुनी आहे यात शंका नाही, परंतु ती उपजीविकेची होती. दुसरा पक्ष आल्प्समधील मोहिमांकडे बोट दाखवतो. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी स्वित्झर्लंडमधील दाव्होसच्या ब्रांगर बंधूंसह मार्च १८९४मध्ये खिंड ओलांडून आरोसा गाठले. मात्र केवळ महिना वसंताचा होता एवढ्यावर त्या मोहिमेला या प्रकाराची सुरुवात म्हणणे ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. उंच पर्वतावरील स्कीइंगचा पाया घालणारे विल्हेल्म पाउल्के यांनी स्वित्झर्लंडमधील बर्नीज ओबरलँड हा पर्वतप्रदेश पार केला ते जानेवारी १८९७मध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात.

या दोहोंहून ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन यांचा दाखला अधिक ग्राह्य ठरतो. लन यांचा जन्म १८८८मध्ये मद्रासचा. १९२२मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे आधुनिक स्लॅलम (खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या) शर्यतीचे नियम त्यांनी रूढ केले म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण उंच आल्प्ससाठी हिवाळ्यापेक्षा वसंताचा उत्तरार्ध योग्य, हा त्यांचा आग्रह तितकाच महत्त्वाचा आहे. दिवस मोठा, हिम बसलेले आणि हिमनदीच्या भेगांवरचे पूल जाड, ही त्यामागची कारणे. जून १९१७मध्ये योझेफ क्नुबेल या वाटाड्यासह त्यांनी डोम (४,५४५ मी.) या शिखरावर स्कीने पहिली चढाई केली. महिन्याची निवड हिमाकडे पाहून केलेली आहे, असे इथे निःसंकोच म्हणता येते.

पुढे हा प्रकार ठिकठिकाणी स्थिरावला. अमेरिकेत मौंट वॉशिंग्टनच्या टकरमन दरीत हिवाळ्यातील स्खलनाचा धोका ओसरल्यावर एप्रिल-मेमध्ये लोक पायी चढून जातात. १९३९च्या एप्रिलमधील शर्यतीत टोनी मॅट यांनी तिथल्या उभ्या भिंतीवरून वळण न घेता सरळ उतरण केली. स्वीडनचे रिक्सग्रेन्सेन हे स्की केंद्र आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असल्याने मे महिन्यात तिथे रात्रीही उजेड असतो. जपानमधील गास्सान हे केंद्र तर एप्रिलमध्ये उघडते आणि जुलैपर्यंत चालते, कारण हिवाळ्यात तिथे हिम इतके पडते की वर पोचताच येत नाही. बोलिव्हियातील चाकाल्ताया या ५,००० मीटरहून उंच असलेल्या प्रसिद्ध उताराची हिमनदी २००९पर्यंत पूर्ण नष्ट झाली.

भारत : गुलमर्ग (सुमारे २,६५० मी.) येथे १९२७मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. क्लबचे वर्षाला दोन मेळावे भरत, एक नाताळात व दुसरा ईस्टरला. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान येतो. म्हणजे भारतात संघटित स्कीइंगच्या पहिल्या पर्वातच सरता हंगाम अर्धा वाटेकरी होता. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये लष्कराची स्की शाळा निघाली. तिचेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. रोपवेचा पहिला टप्पा १९९८मध्ये आणि गुलमर्गवरच्या अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर नेणारा दुसरा २००५मध्ये सुरू झाला. एप्रिलमधले स्कीइंग आता या दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून आहे.

युरोपीय पुस्तकांतले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. २१ मार्चला मध्यान्हीचा सूर्य दाव्होसला क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो, गुलमर्गला ५६ अंशांवर. त्याच उंचीवर हिम लवकर दाणेदार होते आणि लवकर सडते. त्यात उन्हाळ्यापूर्वी राजस्थान आणि पश्चिम आशियाकडून येणारी धूळ भर घालते. ताजे हिम ८० ते ९० टक्के प्रकाश परतवते, जुने मळके ओले हिम जेमतेम निम्मा. दुसरीकडे पश्चिमी विक्षोभ मार्चमध्येही नवे हिम टाकून जातात. २०२५मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या, यावरून मुख्य हंगाम व सरता हंगाम यांतली रेघ किती पुसट झाली आहे ते दिसते. औली, नारकंडा आणि कुफ्री यांची उंची कमी पडत असल्याने सरत्या हंगामात त्यांचा फारसा भरवसा धरत नाहीत.

बडोदे : गुजरातेतील मराठी समाजाला हा खेळ सरत्या हंगामातच भेटतो, आणि त्याचे कारण शाळेच्या वेळापत्रकात आहे. मनाली आणि गुलमर्ग येथील शासकीय संस्थांचे दोन आठवड्यांचे प्रशिक्षणवर्ग जानेवारी ते मार्चमध्ये असतात. त्याच वेळी बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातले घर उत्तरेकडे निघते ते निकालाची धाकधूक बाजूला ठेवून, मे महिन्यात, पारा चाळिशीपुढे गेल्यावर. जगाचा हंगाम जिथे संपतो तिथे बडोद्याचा सुरू होतो, असे म्हटले तर वावगे नाही. शहराची व्यायामपरंपराही आखाडा, मल्लखांब आणि लाठीची. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश (१९३६–४९) ही तिची ओळख. या परंपरेच्या नजरेतून स्कीइंग हा व्यायाम कमी आणि सहल जास्त.

ही सहल बहुधा रोहतांगची (३,९७८ मी.). मनालीहून पहाटे टॅक्सी निघते; वाटेत दुकानांच्या रांगेत पाठीवर क्रमांक रंगवलेले कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, कोट परत करताना तोच क्रमांक सांगायचा. वर स्कीवाला आखूड, झिजलेल्या स्की पायांत अडकवतो, हाताला धरून चार पावले चालवतो, हलक्या उतारावरून ढकलतो, फोटो होतो. थेपले आणि भडंगाच्या डब्यांसकट सगळे वर पोचेपर्यंत दहा-अकरा वाजलेले असतात. वर सांगितलेला तासभर तोवर टळून गेलेला असतो आणि पायाखाली लगदा असतो. बर्फ ‘खराब’ होते अशी तक्रार घेऊन परतणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते दोन-तीन तास उशिरा पाहिलेले असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये रोहतांगवरील व्यावसायिक खेळांवर बंदी व वाहनांवर मर्यादा घातली. बंदी पुढे काही अंशी शिथिल झाली. वाहनांची मर्यादा रोज १,२०० (८०० पेट्रोल, ४०० डिझेल) अशी ठरली. ३ ऑक्टोबर २०२०ला अटल बोगदा खुला झाल्यापासून बरीचशी गर्दी बोगद्यापलीकडच्या कोकसर व सिस्सूकडे वळली आहे. खरोखर शिकू पाहणाऱ्याने मार्चच्या उत्तरार्धात, परीक्षा संपताच, जम्मूकडची गाडी धरून गुलमर्ग गाठणे बरे. या गाड्या बडोद्यावरूनच जातात.

भाड्याच्या सामानात गॉगल क्वचितच असतो, आणि सरत्या हंगामात तोच सर्वांत आधी लागतो. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, त्यात स्वच्छ हिम त्यांतले बरेचसे खालून परत फेकते. डोळ्यांना होणारी इजा लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे हॉटेलवर रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. डोळे चोळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढाव्यात, अंधाऱ्या खोलीत थंड घड्या ठेवाव्यात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. न पडल्यास किंवा दृष्टी धूसर राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.