‘नो स्पेस लेफ्ट’ दिसलं म्हणून फाइली डिलीट करू नका

पोस्टग्रेस डेटाबेस स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

महिनाअखेरीला मोठा रिपोर्ट लावला, की कधीकधी तो मध्येच बंद पडतो आणि ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’ असा एरर येतो. ओळीच्या शेवटी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असतं. ते वाचून कुणीही आधी डिस्ककडेच धावतो. जुने लॉग उडवले जातात, घाईत एखादा बॅकअपही जातो. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच घाईची वाटते, कारण अशा वेळी डिस्कवर बहुतेकदा भरपूर जागा असते. संपलेली असते ती शेअर्ड मेमरी.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालते. या सगळ्या प्रोसेसना एकच डेटा दिसावा म्हणून रॅमचा काही भाग सामाईक ठेवलेला असतो, हीच ती शेअर्ड मेमरी. तो किती मोठा असू शकतो, यावर ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा असते.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पोस्टग्रेस चालवत असाल, तर अडचण बहुधा इथेच असते. डॉकर प्रत्येक कंटेनरला शेअर्ड मेमरीसाठी फक्त ६४ एमबी देतो, मग सर्व्हरची रॅम ६४ जीबी का असेना. पोस्टग्रेसच्या ११व्या आवृत्तीपासून (२०१८) मोठ्या टेबलांची जोडणी अनेक प्रोसेस मिळून करू शकतात आणि त्यासाठीचं हॅश टेबल (जुळणाऱ्या नोंदी पटकन शोधण्यासाठीचा तात्पुरता तक्ता) याच जागेत बनतं. हिशेब करून पाहा. ‘वर्क मेम’ (अशा एका कामाला किती मेमरी द्यायची, ते ठरवणारं सेटिंग) मूळ ४ एमबी, १५व्या आवृत्तीपासून हॅशसाठी त्याच्या दुप्पट, आणि एक मुख्य व दोन मदतनीस अशा तीन प्रोसेस: एका जोडणीला २४ एमबीपर्यंत. इथवर निभावतं. पण रिपोर्ट वेगात यावा म्हणून कुणी ‘वर्क मेम’ ६४ एमबी केलं, तर तीच जोडणी ३८४ एमबीपर्यंत जाऊ शकते. म्हणून सेटिंग वाढवल्यावर आधी चालणारा रिपोर्ट अचानक पडायला लागतो.

उपाय सोपा आहे. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरची सेटिंग्ज असलेल्या फाइलमध्ये) ‘शम साइझ’ (shm_size), म्हणजे शेअर्ड मेमरीची मर्यादा, १ जीबी करा. ही रॅम लगेच अडकून पडत नाही, लागेल तेवढीच वापरली जाते. मात्र कंटेनरला मेमरीची मर्यादा घातली असेल, तर हा वापर त्यातच मोजला जातो, हे धरून चाला. कंटेनर नुसता रीस्टार्ट करून बदल लागू होत नाही, तो नव्याने तयार करावा लागतो. त्याआधी तुमचा डेटा कंटेनरबाहेर कोणत्या व्हॉल्यूममध्ये (डॉकरच्या साठवणीच्या जागेत) आहे, ते नक्की बघा आणि बॅकअप घ्या. व्हॉल्यूम नीट जोडलेलं नसेल, तर नवा कंटेनर रिकामा डेटाबेस घेऊन उभा राहतो. खात्री नसेल तर तिथेच थांबा आणि आम्हाला फोन करा. तोवर काम अडू नये म्हणून ‘मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर’ (मदतनीस प्रोसेस किती, ते ठरवणारं पोस्टग्रेसचं सेटिंग) शून्य करा. रिपोर्ट थोडा रेंगाळेल, पण पूर्ण होईल.

काही कार्यालयांत अजून जुने सर्व्हर चालू आहेत. पोस्टग्रेस ९.२ पर्यंत सगळी शेअर्ड मेमरी एकाच जुन्या पद्धतीच्या सेगमेंटमध्ये घेतली जायची आणि मूळ लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ‘शममॅक्स’ची, म्हणजे अशा एका सेगमेंटच्या आकाराची, मर्यादा होती ३२ एमबी. ‘शेअर्ड बफर्स’ (पोस्टग्रेसचा सामाईक कॅश) वाढवले की डेटाबेस सुरूच व्हायचा नाही. तिथे ‘शममॅक्स’ वाढवावं लागतं आणि गरजेप्रमाणे ‘शमऑल’ही (सगळ्या सेगमेंटची मिळून मर्यादा). पहिला आकडा बाइट्समध्ये असतो, दुसरा पेजेसमध्ये (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये). इथे गल्लत फार होते. २०१३च्या ९.३ आवृत्तीत पोस्टग्रेसने ही मोठी मेमरी वेगळ्या मार्गाने घ्यायला सुरुवात केली आणि २०१४मध्ये कर्नल ३.१६ ने ती मर्यादाही जवळपास काढून टाकली. त्यामुळे नव्या सर्व्हरवर इंटरनेटवरचे जुने ‘शममॅक्स’चे सल्ले वापरू नका.

जुन्या पद्धतीचा एक छोटासा सेगमेंट मात्र पोस्टग्रेसने मुद्दाम ठेवला आहे. एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालू होऊ नयेत, याची राखण तो करतो. ‘प्री-एक्झिस्टिंग शेअर्ड मेमरी ब्लॉक इज स्टिल इन यूज’ असा एरर आला, तर आधीच्या सर्व्हरच्या प्रोसेस अजून जिवंत आहेत असं समजा. त्या आधी नीट बंद करा. ‘पोस्टमास्टर डॉट पीआयडी’ ही चालू सर्व्हरची नोंद ठेवणारी फाइल डिलीट करून मार्ग काढू नका. दोन सर्व्हर एकाच डेटावर लिहू लागले, तर तुमच्या नोंदी कायमच्या बिघडू शकतात.

एरर आल्यास पूर्ण ओळीचा फोटो, पोस्टग्रेसची आवृत्ती, डॉकर आहे की नाही आणि अलीकडे कोणतं सेटिंग बदललं, एवढं आमच्या सपोर्ट क्रमांकावर पाठवा. सर्व्हरचा पासवर्ड मेसेजमध्ये पाठवू नका.