बतावणीची जोडी (बेळगाव सीमाभाग)

तमाशात गणगौळण (गणेशवंदना आणि कृष्ण-गौळणींचा प्रवेश) आटोपल्यावर आणि वग, म्हणजे मुख्य कथानाट्य, सुरू होण्याआधी दोघे नट उभ्या उभ्या जो विनोदी गद्य संवाद करतात, त्याला बतावणी म्हणतात. एक सरदार, दुसरा सोंगाड्या. सरदार विचारतो, दरडावतो, गोष्ट मार्गावर ठेवू पाहतो. सोंगाड्या ती मार्गावरून खाली उतरवतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या गावजत्रांत समोरचा प्रेक्षक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा ऐकत वाढलेला असतो. त्यामुळे इथल्या बतावणीला शब्दांच्या खेळाचे असे भांडवल मिळते, जे पुण्या-साताऱ्याकडे मिळत नाही.

दोघांनी मिळून हसवण्याची रीत जुनी आहे. संस्कृत नाटकाच्या पूर्वरंगात सूत्रधार आणि विदूषक होते, गौळणीत पेंद्या आणि मावशी आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या कुलगोडशी नाते सांगणाऱ्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्यात भागवत (सूत्रधार) आणि दूती यांची बोलाचाली याच जातीची आहे. दूती त्याला अडवते आणि त्या अडवण्यातून कथा पुढे सरकते. दोन्ही परंपरांचे खेळ एकाच मुलखात होत आले, म्हणून इथल्या नटांच्या कानाला ही लय परकी नाही.

शब्दांचा खेळ कसा चालतो, ते एका नमुन्यावरून कळेल. कन्नडमध्ये ‘कायि’ म्हणजे नारळ. जत्रेला निघालेल्या सोंगाड्याच्या हातात पिशवी आहे.

सरदार : देवाला काय आणलंस?
सोंगाड्या : काय.
सरदार : तेच इचारालोय, काय?
सोंगाड्या : तेच सांगालोय की, काय!

सोंगाड्याने ‘कायि’मधला इकार जवळजवळ गिळायचा. तो स्पष्ट उच्चारला तर पहिल्याच फेरीत गुपित फुटते. अशा चार-पाच फेऱ्या पुरतात, त्यापुढे प्रेक्षक दोघांच्या पुढे निघून जातो. दर फेरीला सरदाराचा राग एक पायरी चढला पाहिजे. पहिल्याच उत्तराला तो ओरडला तर पुढे चढायला जागा उरत नाही. शेवटी सोंगाड्या नारळ बाहेर काढून सरदाराच्या हातावर ठेवतो. हा नारळ आधी दिसता कामा नये, म्हणून पिशवी कापडी आणि जाड घ्यावी. तो बाहेर काढणे मात्र टाळता येत नाही. कन्नड कळणारे दुसऱ्या फेरीलाच हसतात, फक्त मराठी कळणारे नारळ पाहिल्यावर हसतात. हशा असा दोन लाटांत येतो. पहिली लाट पूर्ण ओसरण्याआधी, ती उतरू लागताच, सरदाराने पुढचा प्रश्न टाकायचा असतो. घाई केली तर प्रश्न हशात बुडतो, फार थांबला तर जोर जातो. याच तऱ्हेने ‘बंद’ (कन्नडमध्ये ‘तो आला’), ‘हल्ली’ (पाल) आणि ‘आणे’शी कानाला जुळणारा ‘आने’ (हत्ती) हे शब्द वापरता येतात. खेळ शब्दाचाच ठेवावा. कन्नड बोलणाऱ्याला किंवा मराठी बोलणाऱ्याला मूर्ख ठरवणारा विनोद सीमाभागातल्या मंडपात अर्ध्या माणसांना दुखावतो, आणि पुढचा सगळा वग त्या नाराजीसमोर करावा लागतो.

या जोडीत अवघड काम सरदाराचे. सोंगाड्याला टाळी मिळते, पण ती सरदाराच्या ऐकण्यावर उभी असते. उत्तर त्याला आज पहिल्यांदा कळले असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही, तर प्रेक्षकालाही ते शिळे वाटते. सरदार स्वतः हसला की जागा गेलीच. नवख्या जोड्यांत दोघांनाही सोंगाड्या व्हायचे असते. अशी जोडी टिकत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे तालमीत भूमिका उलटून करणे आणि एकमेकांकडे पाठ करून संवाद म्हणणे. पाठ केली की केवळ कानावर विसंबावे लागते आणि जोडीदार श्वास कुठे घेतो ते अंगवळणी पडते. मैत्रीचा उपयोग इथे होतो. ज्याच्याशी रोज बोलणे असते त्याचे अडखळणे आधीच ओळखू येते, आणि सरदार मागचाच प्रश्न जरा वेगळ्या रागाने विचारून त्याला सावरतो. पदरचे वाक्य घालायला हरकत नाही, मात्र ते कुठे येणार हे पडद्यामागे सांगून ठेवावे.

ढोलकीवालाही या जोडीचा भाग आहे. त्याची थाप शेवटचे अक्षर पूर्ण झाल्यावरच पडली पाहिजे. आधी पडली तर नेमका तोच शब्द झाकला जातो. टांगता माईक एकच असेल तर दोघांनी त्याच्या दोन बाजूंना अर्धे वळून उभे राहावे. समोरासमोर तोंड केले तर आवाज मंडपाच्या मागच्या ओळींत पोचत नाही.

बतावणीची ही घडण मोठ्या नाटकात कशी उतरते, याचे ठळक उदाहरण वसंत सबनीस यांचे १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य. ते गाजवणारे दादा कोंडके आणि त्यांचे स्नेही, विनोदी नट राम नगरकर हे दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वावरलेले होते. कोंडके हवालदाराच्या भूमिकेत प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर नवी वाक्ये घालत, आणि संहितेच्या सैल बांधणीत त्यांना जागा होती. हौशी मंडळी हे नाटक करतात तेव्हा बहुधा कोंडक्यांच्या आवाजाची नक्कल होते आणि प्रयोग तिथेच पडतो. नक्कल करणाऱ्याचे लक्ष आठवणीतल्या आवाजाकडे असते, जोडीदाराकडे नसते. त्याऐवजी त्या जागी आपल्या गावचा रस्ता, बंद पडलेली बोअर, उशिरा येणारी एसटी घालावी, आणि ती वाक्ये जत्रेच्या आदल्या दिवशी ठरवावी, महिनाभर आधी नव्हे.