स्विस चार्ड

स्विस चार्ड : (पानबीट, लॅ. बीटा व्हल्गॅरिस, सिक्ला गट, कुल – ॲमरँटेसी, पूर्वी चिनोपोडिएसी). बीटरूट व साखरबीट यांच्याच जातीतील, परंतु मुळाऐवजी पाने व रुंद, मांसल देठ यांसाठी लावली जाणारी द्विवर्षायू भाजी. दिसायला ती पालकासारखी असली, तरी पालकाचा (स्पिनॅशिया) वंश निराळा आहे.

नाव व उगम : भूमध्य समुद्र व अटलांटिकच्या यूरोपीय किनाऱ्यावर रानटी वाढणारे सागरी बीट हे सर्व लागवडी बीटांचे मूळ मानतात. पानांसाठीची लागवड फुगीर मुळांच्या लागवडीहून जुनी असावी. ग्रीक तत्त्वज्ञ व वनस्पतींचे अभ्यासक थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७१–२८७) यांनी काळे व पांढरे अशी दोन बीटे सांगितली असून, पांढरे चवीला सरस आणि काही जण त्याला ‘सिसिलीचे’ म्हणतात, असे नोंदविले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये वापरलेले ‘सिक्ला’ हे नाव याच अर्थाच्या लॅटिन ‘सिक्युला’वरून आले, असे एक मत आहे. दुसरे मत ते अरबी ‘सिल्क’ व ॲरेमाइक ‘सिल्का’ यांच्याशी जोडते. शब्दाची उसनवारी कोणत्या दिशेने झाली हा वाद मिटलेला नाही. मात्र थीओफ्रॅस्टस यांच्या नोंदीमुळे पहिल्या मताचे पारडे जड वाटते.

‘चार्ड’ हा शब्द फ्रेंच ‘कार्द’वरून आला. तो मुळात कार्डून या काटेरी वनस्पतीच्या खाद्य देठाचा वाचक होता (लॅटिन ‘कार्डुअस’). देठांच्या साम्यामुळे तो इकडे आला असावा. ‘स्विस’ या विशेषणाचा संबंध काही लेखक वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोख (१८०९–७९) यांना स्विस मानून त्यांच्याशी लावतात. परंतु कोख जर्मन होते, त्यांचा जन्म व्हायमारजवळचा, त्यामुळे ही उपपत्ती टिकत नाही. कार्डूनपासून वेगळेपण दाखविण्यासाठी बियाणे-विक्रेत्यांनी ते लावले, हे स्पष्टीकरण त्यामानाने पटण्याजोगे आहे. स्वित्झर्लंडमध्ये ही भाजी रुळलेली आहे, हे मात्र खरे. तेथील ग्राउब्युंडेन प्रांतातील ‘कापुन्स’मध्ये पिठाचे सारण तिच्याच पानांत गुंडाळतात.

लागवड : बाजारात मिळणारे ‘बी’ हे वस्तुतः अनेक फळांचा एकजीव झालेला, बुचासारखा खरखरीत गोळा असतो. एका गोळ्यातून दोन-चार रोपे उगवतात, म्हणून विरळणी टाळता येत नाही. जास्तीची रोपे उपटल्यास शेजारच्याची मुळे दुखावतात. ती कात्रीने बुडाशी कापावीत. बी रात्रभर भिजवून सु. २ सेंमी. खोल पेरतात व दोन रोपांत २० ते ३० सेंमी. अंतर ठेवतात. निचऱ्याची, सेंद्रिय खत घातलेली जमीन मानवते. समुद्रकाठच्या पूर्वजामुळे या पिकाला थोडा खारेपणा सोसतो. पालकापेक्षा ते उष्णताही अधिक सहन करते.

सु. ५० ते ६० दिवसांनी खुडणी सुरू होते. बाहेरची पाने बुडाशी खुडून मधला कोंब राखल्यास एकच झाड महिनोन्‌महिने पाने देत राहते. परसबागेत या पिकाचे मोल यातच आहे. मोठा थंडीचा काळ सोसलेले झाड पुढे फुलोऱ्यावर येते व पाने कडवट होतात. परागण वाऱ्याने होत असल्याने, बी धरायचे तर बीटरूट जवळपास फुलू देऊ नये, संकर होतो. नागअळीने पोखरलेली व सर्कोस्पोरा बुरशीचे गोल ठिपके पडलेली पाने लगेच काढावीत.

देठांचे लाल-पिवळे रंग बीटालेन रंगद्रव्यांचे असतात. विविधरंगी ‘ब्राइट लाइट्स’ वाणाला १९९८ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्स हा नव्या बागायती वाणांसाठीचा अमेरिकी पुरस्कार मिळाला.

पाककृती : देठ व पाने स्वतंत्र चिरतात. देठ आधी तेलात लसणीबरोबर पाच-सात मिनिटे परततात. पाने शेवटी घालतात, ती दोन-तीन मिनिटांत आळतात. पाने मूठभरच उरतात, म्हणून खुडताना हात सैल सोडावा. लाल देठाचा रंग बटाटा-अंड्यात उतरतो. तेथे पांढऱ्या देठाचा वाण बरा. भाजीत अंगचा खारटपणा असल्याने मीठ चव पाहूनच घालावे. ऑक्झॅलेटाचे प्रमाण बरेच असते. उकळून पाणी टाकल्यास ते कमी होते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेताने खावी. जीवनसत्त्व के भरपूर असल्याने वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.