उच्च रक्तदाब आणि स्मृतिभ्रंशाचे बदलते प्रमाण

उच्च रक्तदाब आणि स्मृतिभ्रंशाचे बदलते प्रमाण : रक्तदाब चढा असलेल्यांपैकी किती जणांना उतारवयात स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) होतो आणि औषधोपचार वाढले तसे हे प्रमाण पिढ्यांगणिक कसे बदलले, याचा अभ्यास. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत बुद्धी जाणे हा वयाचा धर्मच मानला आहे. दीर्घकालीन नोंदी मात्र वेगळे सांगतात.

सर्वांत बोलकी नोंद अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम गावची आहे. तेथे १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयविकारांचा अभ्यास चालू आहे. पुढे त्यात स्मृतिभ्रंशाचीही भर पडली. साठी ओलांडलेल्या ५,२०५ व्यक्तींच्या नोंदी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या पहिल्या कालखंडात पाच वर्षांत दर शंभरामागे ३.६ जणांना स्मृतिभ्रंश झाला होता. पुढच्या तीन कालखंडांत हा आकडा २.८, २.२ आणि २.० असा उतरत गेला. याच काळात रक्तदाबाची औषधे घेणारे वाढले, सरासरी रक्तदाब उतरला आणि पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंश होण्याचा धोकाही कमी झाला. तरीही ही घट एकट्या रक्तदाबामुळे झाली असे म्हणता येत नाही. शिवाय ती किमान शालान्त शिक्षण झालेल्यांतच दिसली, आणि ही बाब घटीइतकीच महत्त्वाची आहे. येथे घटले ते ठरावीक वयातले प्रमाण. वृद्धांची संख्या वाढत असल्याने जगातील एकूण रुग्ण वाढतच आहेत.

चढ्या रक्तदाबाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, आतल्या पांढऱ्या द्रव्याला (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना) रक्त कमी पडते आणि नकळत लहानलहान पक्षाघात होऊन जातात. हे नुकसान वर्षानुवर्षे साचते. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतला रक्तदाब निर्णायक ठरतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात पन्नाशीला वरचा आकडा १३० किंवा अधिक असलेल्यांना धोका जास्त आढळला. साठी-सत्तरीच्या मोजणीत तसा संबंध दिसला नाही. स्मृतिभ्रंश उघड होण्याआधी काही वर्षे रक्तदाब आपोआप उतरू लागतो. म्हाताऱ्या रुग्णाचे बीपी आज ‘नॉर्मल’ दिसले म्हणून ते आधीही तसेच होते, असे धरून चालत नाही.

उपचारांचा पुरावा हळूहळू जमला. युरोपातील ‘सिस्ट-युर’ चाचणीत (१९९८) औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश निम्म्यावर आला, पण रुग्णांची संख्या फार थोडी होती. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) ९,३६१ जण होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बोधनिक ऱ्हास (स्मरण व विचारशक्ती मंदावणे, पण स्मृतिभ्रंशाइतके नव्हे) १९ टक्क्यांनी कमी झाला. स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही, म्हणजे ती निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता नाकारता आली नाही.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात तो अधिक आढळला. फ्रॅमिंगहॅममधली घट कमी शिकलेल्यांपर्यंत पोहोचली नव्हती, म्हणून चीनमधील प्रयोग विशेष मोलाचा वाटतो. तेथे ३२६ खेड्यांतील सुमारे ३४,००० रक्तदाबग्रस्तांवर चार वर्षे चाचणी झाली. निम्म्या खेड्यांत प्रशिक्षित ग्रामडॉक्टरांनी औषधे सुरू केली व त्यांचे डोस वाढवले. २०२५ मधील अहवालानुसार तेथे स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला.