दहाव्या अक्षरावरून जुन्या स्पोर्ट्स कारचे मॉडेल-वर्ष कळते का?

चासी नंबरातील दहावे अक्षर पाहिले की कोणत्याही गाडीचे मॉडेल-वर्ष कळते, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांना हा नियम लागू पडत असल्याने तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सतरा अक्षरांचा प्रमाणित क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला आणि त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचेच उदाहरण घ्या. तिच्या सुरुवातीच्या, छत उघडता येणाऱ्या गाड्यांचा क्रमांक 'जीएचएन३' ने सुरू होतो, तर १९६७ मध्ये आलेल्या 'जीएचएन४' मध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखडाट न होता बदलू देणारी रचना) मिळाला आणि वीज निर्माण करणाऱ्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. म्हणून आधी क्रमांकाची सुरुवात वाचावी, मग बॉनेट उघडून आत डायनॅमो आहे की अल्टरनेटर आणि तो क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. केवळ बंपरवर विसंबू नये. १९७४ च्या अखेरीस आलेले काळे रबरी बंपर काढून जुने क्रोमचे बसवणे ही सर्रास गोष्ट आहे, मात्र त्याच वेळी वाढवलेली गाडीची उंची बहुधा तशीच राहते.

नागपुरात गाडी पाहताना आणखी एक ध्यानात ठेवावे: एमएच-३१ ही पाटी नोंदणी कुठे झाली एवढेच सांगते, आणि ही मालिकाच १९८९ नंतरची असल्याने साठच्या दशकातील गाडीवर ती असेल, तर जुन्या नोंदणीची कागदपत्रे विक्रेत्याकडे अवश्य मागावीत.